आवाज बसल्यावर

आज दुकान उघडलं तेव्हा
शटर वाजलं, मी नाही.
रावपुऱ्यातलं पहिलंच गिऱ्हाईक घसा दाखवत आलं,
मी त्याला माझा दाखवला.
गोळ्या दिल्या, त्याच पाकिटातली एक स्वतः चघळली,
आणि हे बिलबुकाच्या पाठीवर लिहायला घेतलं.

काल पोलो ग्राउंडवर शियाबाग इलेव्हन जिंकली.
एवढंच वाक्य.
तीनदा गिरवलं, पार मागच्या पानावर उमटलं.

एकोणीस वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये काढली आम्ही.
दोनदा या उंबऱ्यापर्यंत येऊन परतलो,
एकदा तर स्वतःच्याच गोलात चेंडू घालून.
यंदा समोर फतेगंज रोव्हर्स,
ज्यांचे बूटसुद्धा सगळे एका रंगाचे.
आमच्या पोरांचे, ज्याच्या घरात जे सापडले ते.

पंच्याऐंशी मिनिटं झाली, दोन-शून्य मागे.
माझ्या शेजारचा उठून सेव-उसळ खायला गेला.
त्याला मी शोधतोय.
बोलायचं काही नाही,
नुसतं त्याच्याकडे बघायचंय.

मग छोटाउदेपूरचा तो हरीन राठवा,
जो पाससुद्धा परवानगी मागितल्यासारखा देतो,
त्यानं कुणालाही न विचारता मारला.
आणि इंजुरी टाइमच्या शेवटच्या कॉर्नरला
बॉल खानविलकरच्या नडगीला लागला
(हो, नडगीला. उगाच हेडर म्हणणार नाही)
आणि आत!

मी ओरडलो.
तो आवाज मराठीत निघाला, वाटेत गुजराती झाला,
आणि वर पोचेपर्यंत कुठल्याच भाषेचा उरला नाही.
राजवाड्याकडच्या झाडांतली वटवाघळं उडाली.
ती तशीही तिन्हीसांजेला उडतात,
पण काल माझ्यामुळे.

पेनल्टी मी पाहिल्या नाहीत.
एका अनोळखी माणसाच्या खांद्यात तोंड खुपसून ऐकल्या.
शेवटची इम्तियाजनं पायानं अडवली म्हणे.
वर्गणी काढून नवे हातमोजे घेऊन दिले होते पोराला,
आणि अडवली पायानं!

दुपारी करेलीबागेत फणशांकडे गेलो.
तीस वर्षं आम्ही एका सतरंजीवर बसून मॅच पाहिली.
आता ते पलंगावर, दोन्ही कान गेलेले.
त्यांना साधं 'चहा घेणार?' विचारायचं
तरी अख्ख्या सोसायटीला आमंत्रण जातं.
आणि मी हा असा.

त्यांनी भुवया उडवल्या: काय झालं?
मी दोन्ही हातांची दोन-दोन बोटं दाखवली,
त्यांना वाटलं बावीस.

मग त्यांच्या उशाशी असलेली औषधं चादरीवर मांडली.
बीपीच्या पांढऱ्या गोळ्या आपल्या,
साखरेच्या पिवळ्या फतेगंजच्या,
खोकल्याची बाटली गोलकीपर,
आणि बॉल म्हणून एक कॅप्सूल, अर्धी लाल.
नडगीपाशी आलो तेव्हा स्वतःची नडगी ठोकून दाखवली.
फणसे हसले. कवळी वाटीत होती,
त्यामुळे पूर्ण हसले.

पेनल्टीला त्यांनी माझं मनगट धरलं,
बाटली स्वतः सरकवली, उजवीकडे.
मी मान हलवली.
डावीकडे. नाही.
थोडं थांबले.
मग बाटली आडवी केली, बूड पुढे करून.
कसं कळलं, ते मला विचारता आलं नाही.

सूनबाई पेला घेऊन आल्या,
चादरीकडे बघून कपाळाला हात लावला,
चार बोटं दाखवली: चारची गोळी कुठाय?

फणशांनी मैदानभर नजर फिरवली,
डाव्या कडेचा राठवा उचलला,
अंगठ्यानं अलगद पुसला,
आणि बराच वेळ तोंडात टाकेचनात.